लेकराला पाणी देताना

कमावत्या लेकराचे दिवस आईबापांना करावे लागतात तेव्हा घरात कुणालाच काही ठाऊक नसतं. आजोबांचे दिवस सगळ्यांनी पाहिलेले असतात. तिथे मुलगा पुढे बसतो, सुना स्वयंपाकाकडे बघतात, गुरुजी सांगतील तसं होत जातं. इथे पुढे बसायला बाप असतो. आम्ही दोघं यातून गेलो आणि नंतर अशा बऱ्याच घरांत जाऊन बसलो. आमची हकिकत सांगायची नाहीये. त्या घरांमध्ये जे प्रश्न हमखास निघतात आणि ज्यांची धड उत्तरं मिळत नाहीत, तेवढंच लिहिते. पहिल्या वर्षात विधी, नातेवाईक, सरकारी कागद आणि देव हे सगळं एकदमच अंगावर येतं. त्यातलं काय थांबू शकतं आणि काय नाही हे कळलं, तर निदान नको त्या गोष्टीसाठी जीव आटवला जात नाही.

तरण्या माणसाचा मृत्यू बऱ्याचदा पोलिसांच्या हातून जातो. अपघात असो, आत्महत्या असो की झोपेतला अचानक मृत्यू, पंचनामा आणि शवविच्छेदन बहुधा होतंच. जो कुणी तिथे उभा असेल, मामा, मित्र, शेजारी, त्याने एकच गोष्ट नीट करावी: पंचनाम्यावर नाव, वडिलांचं नाव आणि वय आधार कार्डाप्रमाणे अक्षर न् अक्षर लिहून घ्यावं. इथे एक वेलांटी चुकली की पुढे मृत्यूचा दाखला, विमा, बँक सगळीकडे ती चूक फिरते. कागदावर कधी कधी मृत्यूच्या कारणासमोर ‘व्हिसेरा राखून ठेवला, मत राखीव’ असं लिहिलेलं असतं. व्हिसेरा म्हणजे तपासणीसाठी काढून ठेवलेले आतल्या अवयवांचे नमुने. त्याचा अहवाल यायला महिने लागतात. तो येईल हे आईबापांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर घर जरा सावरत असताना एके दिवशी पोलीस ठाण्यातून फोन येतो आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.

शवविच्छेदनानंतर देह शिवून, कापडात गुंडाळून देतात. घरी आणल्यावर कुणीतरी वडीलधारं स्नानाचा आग्रह धरतं. ते कापड सोडू नये. चेहरा मोकळा करावा, ओल्या फडक्याने पुसावा, गंगेचं पाणी शिंपडावं, तुळशीपत्र ठेवावं, वरून नवं वस्त्र पांघरावं. एवढ्याने स्नान झालं, गुरुजीही ते मान्य करतात. आणि आईला बघू द्या. ‘तिला बघवणार नाही’ म्हणून शेजारच्या खोलीत धरून बसवलेल्या आया पुढे कित्येक वर्षं तेवढंच बोलत राहतात. चेहरा दाखवण्याजोगा नसेल तर हात दाखवा. पंजा, नखं, मनगटावरचा जुना व्रण. आई हातावरूनही ओळखते आणि निरोप घेते.

मृत्यूची वेळ त्याच दिवशी एका कागदावर लिहून ठेवा. दवाखान्याच्या कागदावर तारीख आणि वेळ असते, तिथी नसते. पुढचं सगळं तिथीवर चालतं. एक तिथी संपून दुसरी लागण्याच्या आसपास मृत्यू झाला असेल, तर वेळ बघूनच गुरुजी तिथी ठरवतात.

अग्नी कुणी द्यायचा यावरून स्मशानाच्या दारात कुजबुज सुरू होते. थोरल्या मुलाला बापाने अग्नी देऊ नये, असं काही घरांत पक्कं मानतात आणि धाकट्या भावाला नाहीतर पुतण्याला पुढे करतात. शास्त्रात अधिकाऱ्यांची जी उतरंड आहे तिच्यात भाऊ, बाप, आई सगळे येतात. बापाने दिला म्हणून काही बिघडत नाही. पण त्याला जमणार नसेल तर ‘बाप आहेस, तुलाच करायला हवं’ असंही कुणी म्हणू नये. मुलीच्या अंत्यविधीला आई, बहीण स्मशानात येतात, अग्नी देतात, हे आता शहरातच नव्हे तर तालुक्याच्या गावीही दिसतं. पुण्यात ज्ञान प्रबोधिनीने तयार केलेल्या पुरोहितांमध्ये स्त्रियाही आहेत, आणि त्यांच्या विधीत प्रत्येक मंत्राचा अर्थ मराठीत सांगतात. मुलासाठी बसलेल्या आईबापांना तो अर्थ कळत जाणं मोलाचं असतं. ज्यांच्या घरात सत्यशोधक पद्धत आहे, किंवा बौद्ध पद्धतीने जलदान आणि पुण्यानुमोदन होतं, त्यांच्या इथल्या पायऱ्या वेगळ्या. मी ज्या घरांत वावरले त्यांचंच लिहिते आहे.

एक प्रथा अजून काही घरांत आहे. अविवाहित मुलगा गेला की चितेवर ठेवण्याआधी त्याचं रुईशी लग्न लावतात. ‘तो अपुरा जाऊ नये’ हा त्यामागचा भाव. ज्या आईबापांना त्यातून समाधान मिळतं त्यांनी ते करावं. पण ऐन वेळी कुणी रुईची फांदी घेऊन आलं आणि तुमच्या पोटात कालवलं, तर ‘नको’ म्हणा. तुमच्या मुलाचं आयुष्य अपुरं होतं की नाही हे स्मशानात जमलेली माणसं ठरवत नाहीत.

मूल परदेशात गेलं असेल तर हा सगळा क्रम लांबतो. देह आणायचा तर तिथला मृत्यूचा दाखला, देह टिकवण्यासाठी केलेल्या प्रक्रियेचं प्रमाणपत्र, भारतीय दूतावासाचं ना-हरकत पत्र आणि रद्द केलेला पासपोर्ट, एवढं जमल्याशिवाय विमान कंपनी पेटी घेत नाही. पेटी बंद करून येते आणि बहुधा उघडता येत नाही, हे इकडच्या आईला आधी सांगून ठेवावं. कित्येक घरं म्हणूनच तिकडे दहन करून अस्थी आणतात. त्यांच्यासोबत दहनाचा दाखला आणि मृत्यूचा दाखला असावा लागतो.

लाकडाच्या चितेनंतर तिसऱ्या दिवशी राख सावडतात. विद्युत किंवा गॅस दाहिनीत अस्थी त्याच दिवशी मिळतात, आणि तिथे एका दिवसात अनेक दहनं होतात. म्हणून ट्रेवर आणि मडक्यावर नाव लिहिलंय ना ते बघायला एक माणूस तिथेच थांबवा. अस्थी कुठे सोडायच्या याचा निर्णय दहा दिवसांत होऊ शकला नाही तरी चालतं. नाशिकचं रामकुंड, आळंदीची इंद्रायणी, पंढरपूरची चंद्रभागा, वाईची कृष्णा, किंवा आपलं शेत आणि त्यावर लावलेलं झाड, कुठेही. अस्थी घरात नव्हे तर बाहेर झाडाला टांगून ठेवायची रीत आहे. फ्लॅटमध्ये झाड नसतं. गॅलरीच्या कोपऱ्यात उंचावर बांधतात.

स्मशानात मडक्याला ज्या खड्याने भोक पाडतात तो अश्मा, कुणी जीवखडा म्हणतं. पुढचे दहा दिवस त्या खड्यालाच तिळाचं पाणी द्यायचं, पिंड त्याच्यासाठीच ठेवायचा, आणि दहाव्याला तो पाण्यात सोडायचा. बाप रोज ओंजळीत पाणी घेतो, त्यात काळे तीळ, अंगठ्याच्या बाजूने धार खड्यावर सोडतो आणि मुलाचं नाव, गोत्र उच्चारतो. पहिल्या दिवशी बहुतेकांच्या तोंडून नाव फुटत नाही. गुरुजी थांबतात. जे थांबत नाहीत त्यांना थांबायला सांगावं. चौथ्या-पाचव्या दिवशी नाव नीट उच्चारलं जायला लागतं. दिवसातून एकदा मुलाचं नाव मोठ्याने घ्यायचं आणि त्याला काहीतरी द्यायचं, एवढं काम त्या दिवसांत बापाच्या हाताला असतं. आईच्या हाताला ते नसतं, म्हणून आम्ही सगळ्यांना सांगतो: आईलाही पाणी द्यायला बसवा. दोघांनी एकामागून एक दिलं तरी काही अडत नाही.

या दिवसांत देवघराला घरच्यांनी हात लावायचा नसतो. सुतक नसलेला कुणीतरी, शेजारचा किंवा वेगळ्या गोत्राचा, येऊन दिवा लावतो, देवांवर पाणी घालतो आणि जातो. मला यात फार शहाणपण दिसतं. लेकरू गेल्यावर देवासमोर हात जोडणं ज्यांना अशक्य होतं, त्यांना परंपरेनेच मोकळीक दिली आहे. देवाची पूजा थांबत नाही आणि तुम्हाला ती करावीही लागत नाही. तेराव्याला निधनशांत होऊन, पुण्याहवाचन होऊन सुतक सुटतं, आणि चौदाव्या दिवशी सगळे अपेक्षा करतात की आता आई नेहमीसारखी पूजा करेल. तिथे बऱ्याच जणींचं अडतं. ताम्हन हातात घेतलं की राग येतो, रडू येतं, किंवा काहीच वाटत नाही आणि त्याचीच भीती वाटते. अशा वेळी तेरा दिवस जी व्यवस्था होती तीच पुढे चालू ठेवावी. नवऱ्याने, दिराने, शेजारणीने दिवा लावावा. देवघर झाकून ठेवू नका आणि देव कुणाला देऊनही टाकू नका. पहिल्या वर्षात देव नदीत सोडणारे आणि नंतर हळहळणारे आईबाप आम्ही पाहिले आहेत. श्रद्धा राहिली की गेली याचा निकाल त्या वर्षात लावायची काहीच गरज नाही.

आता कावळ्याबद्दल. दहाव्याचा घाट हा अशा घरांसाठी सगळ्यात अवघड असतो. म्हातारं माणूस गेलं आणि कावळा शिवायला उशीर लागला तर लोक हसून म्हणतात, नातवात जीव अडकलाय. पंचविशीतलं पोर गेलं आणि कावळा आला नाही, की सगळे एकमेकांकडे बघायला लागतात. लग्न व्हायचं होतं. गाडी घ्यायची होती. कुणावर तरी प्रेम होतं म्हणे. मग एकेक जण पुढे होऊन शब्द देऊ लागतो: तुझ्या आईला सांभाळतो, तुझं कर्ज फेडतो, बहिणीचं लग्न करून देतो. बाप हात जोडून उभा असतो आणि पिंड तसाच. अर्धा-पाऊण तास असा गेला की आईला वाटायला लागतं, माझं लेकरू माझ्यावर रागावून गेलंय. हा समज पुढे वर्षानुवर्षं छळतो.

म्हणून कावळ्याचं गणित आधी समजून घ्यावं. पुण्यात ओंकारेश्वर, मुंबईत बाणगंगा, नाशिकला रामकुंड, अशा ठिकाणी रोज सकाळी अनेकांचे पिंड मांडलेले असतात. कावळे उजाडल्यापासून खात असतात, दहा-अकरा वाजेपर्यंत त्यांची पोटं भरलेली असतात. शक्य तितकी लवकरची वेळ घ्या. पिंडाजवळ दहीभात आणि उडदाचा वडा ठेवा, नुसता कोरडा भात नको. नैवेद्यात त्याच्या आवडीचं ठेवायचं ते जरूर ठेवा, पण पिंडाभोवती डबे, हार, फोटो, मोबाईल यांची गर्दी करू नका. कावळा नव्या वस्तूला बुजतो. सगळ्यांनी वीस-तीस पावलं मागे सरावं आणि बोलू नये. नवा, गजबजलेला घाट असेल, किंवा आसपास झाडंच उरली नसतील, तर कावळे येतच नाहीत. तेव्हा दर्भाचा कावळा करून पिंडाला शिवतात. ही पळवाट नाही, विधीतच सांगितलेली सोय आहे. आम्ही तर सांगतो, किती मिनिटं थांबायचं ते गुरुजींशी आदल्या दिवशीच ठरवा. पंधरा मिनिटं पुरेत. मग दर्भ. शब्द द्यायचेच असतील तर आईबापांना नव्हे, इतरांना देऊ द्या, आणि जे खरंच पाळता येतील तेवढेच.

बाराव्याला सपिंडी. आधी वर्षभराची सोळा मासिकं, म्हणजे महिन्याची श्राद्धं, एकदम उरकतात, मग गेलेल्या माणसाच्या पिंडाचे तीन भाग करून ते तीन पितरांच्या पिंडांत मिसळतात. एरवी बाप, आजा, पणजा. इथे बाप तर पुढ्यात जिवंत बसलेला असतो, म्हणून त्याची पायरी वगळून मुलाला आजोबापासून वरच्या तीन पिढ्यांत मिळवतात. गुरुजींनी आधी समजावलं नसेल तर नावं उच्चारताना बाप गडबडतो, स्वतःचं नाव घेऊ की काय असं त्याला वाटतं. अविवाहित माणसाची सपिंडी करावी की नाही यावर गुरुजींमध्ये मतभेद आहेत. दोन गुरुजी दोन गोष्टी सांगतील. तुमच्या घरचे जे आहेत त्यांचं ऐका आणि विषय तिथेच संपवा. तीन भाग करताना वापरायची दर्भाची काडी आणि तो पिंड दाबून मिसळणं, हे बघताना बऱ्याच बापांना पहिल्यांदा हुंदका फुटतो. त्याआधीचे अकरा दिवस ते कामात असतात. गुरुजींनी त्या वेळी दक्षिणेचा हिशोब काढू नये.

लग्न झालेल्या मुलीच्या आईबापांचं दुःख वेगळंच बाजूला पडतं. माहेरी तीन दिवसांचं सुतक, दिवस सासरी, पिंड जावई किंवा नातू देणार, पितृपक्षात अविधवा नवमीला श्राद्धही सासरीच. चौथ्या दिवशी माहेरच्या देवघरात दिवा लागतो आणि वाढवलेल्या लेकीसाठी आईबापांच्या वाट्याला करायला काहीच उरत नाही. अशा वेळी सासरच्यांशी बोलून निदान दहाव्याला घाटावर पाणी देण्यापुरतं बसू द्या अशी विनंती करावी. बहुतेक घरं मानतात. नाहीच मानलं तर आपल्या घरी, आपल्या मनाने दहा दिवस तिळाचं पाणी द्यायला कुणाची परवानगी लागत नाही.

संध्याकाळी गरुडपुराण लावायचं की नाही? तरणं मूल गेलेल्या घरात लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. यमयातनांची वर्णनं ऐकताना आई प्रत्येक ओळ आपल्या लेकरावर लावून बघते. त्याऐवजी हरिपाठ म्हणावा. तो अर्ध्या तासात होतो, बहुतेकांना पाठ असतो, आणि ज्यांना म्हणवत नाही त्यांना नुसतं बसून टाळांच्या ठेक्यावर श्वास धरता येतो. ज्ञानेश्वरीचा पंधरावा किंवा दुसरा अध्यायही वाचतात. पण दुसऱ्या अध्यायातलं जुनी वस्त्रं टाकून नवी घेण्याचं उदाहरण भेटायला येणारा प्रत्येक जण सांगतो, इतकं की आईबापांना ते नकोसं होतं.

भेटायला येणाऱ्यांच्या तोंडी ठरलेली वाक्यं असतात. देवाला चांगली माणसं लवकर आवडतात. त्याचं आयुष्य तेवढंच होतं. मागच्या जन्मीचं देणं होतं, फिटलं. तुकोबांनी पोर गेल्यावरसुद्धा विठ्ठल सोडला नाही, हे तर हमखास. तुकोबांनी दुष्काळात पत्नी आणि मुलगा गमावला, आणि त्यानंतर जे म्हटलं ते स्वतःच्या जळत्या जिवाबद्दल म्हटलं. ते दुसऱ्याच्या ओसरीवर बसून ऐकवण्यासाठी नाही. कथाच सांगायची तर वसिष्ठांची सांगा. महाभारताच्या आदिपर्वात आहे. शंभर मुलं गेल्यावर वसिष्ठांनी, ब्रह्मज्ञानी वसिष्ठांनी, मेरूच्या शिखरावरून उडी टाकली, आगीत शिरले, गळ्यात धोंडा बांधून समुद्रात गेले, दोरांनी स्वतःला बांधून नदीत झोकून दिलं. नदीने दोर सोडवून त्यांना काठावर आणलं, म्हणून ती विपाशा, आजची बियास. दुसरी नदी शंभर वाटांनी फुटून पळाली, ती शतद्रू, म्हणजे सतलज. शेवटी मुलाच्या गर्भवती बायकोच्या पोटातून वेदपठणाचा आवाज ऐकू आला तेव्हा ते मागे फिरले. ज्यांच्याकडे सगळं ज्ञान होतं त्यांनाही ज्ञानाने सावरलं नाही. आणि गांधारीने तर रणांगणावर प्रत्यक्ष कृष्णाला शाप दिला, तो त्याने स्वीकारला. देवावर संतापलेल्या आईला ‘असं बोलू नये’ म्हणणाऱ्यांनी स्त्रीपर्व वाचावं.

त्यापेक्षा उपयोगाचं काय, तर डबा आणा. पोळी-भाजी, पातळ भात, ताक. पहिले तीन आठवडे गोळ्यांची आठवण करा, कारण पन्नाशी-साठीतल्या आईबापांना रक्तदाब, साखर असते आणि या दिवसांत गोळ्या हटकून चुकतात. मुलाचं नाव घ्या. ‘तो’ नका म्हणू, नाव घ्या.

दोन-तीन महिने झाले की दुसरी मंडळी येतात. घरात पितृदोष आहे, अपमृत्यू झालाय, नारायण-नागबळी केल्याशिवाय गती नाही, दुसऱ्या मुलालाही धोका आहे. त्र्यंबकेश्वरला हा विधी तीन दिवसांचा असतो, मुक्काम करावा लागतो, सामग्री आणि दक्षिणा मिळून खर्च बराच येतो. अपघाती मृत्यूनंतर नारायणबळी करायची रीत जुनी आहे आणि ज्यांना मनापासून करायचाय त्यांनी करावा. पण भीतीपोटी, कर्ज काढून, पहिल्या तीन महिन्यांत करू नये. गुरुजींना सरळ विचारा, वर्षश्राद्धाच्या सुमारास केला तर चालेल का? चांगले गुरुजी हो म्हणतात. मुलाचा निरोप आणून देतो, त्याच्याशी बोलणं करून देतो म्हणणाऱ्यांच्या दारात मात्र पाऊल टाकू नका. मुलाचा आवाज एकदा ऐकायला आई काहीही देईल, हे त्यांना पक्कं माहीत असतं. दैवी शक्तीच्या नावाखाली फसवणाऱ्यांविरुद्ध महाराष्ट्रात 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आहे.

आवाजावरून सांगायचं, मुलाचा फोन बंद पडू देऊ नका. चार्ज करत राहा, पॅटर्नचे अंदाज लावत बसू नका, कुणा मित्राला पासवर्ड माहीत आहे का ते आधी विचारा. प्रीपेड नंबर साधारण 90 दिवस वापरला नाही की बंद होतो, व्हॉट्सअ‍ॅपचं खातं 120 दिवस निष्क्रिय राहिलं की मिटवलं जातं. त्यातल्या आवाजाच्या नोंदी, फोटो, व्हिडिओ दोन ठिकाणी उतरवून ठेवा. आज ऐकवणार नाहीत. ठेवा तरी. नंबर चालू असण्याचं दुसरंही कारण आहे: बँकेचे ओटीपी त्याच नंबरवर येतात.

कागदांचं थोडक्यात. मृत्यू दवाखान्यात झाला तर नोंद दवाखाना पाठवतो, घरी झाला तर घरच्यांनी 21 दिवसांत करायची. दाखल्याच्या दहा प्रती घ्या. मृत्युपत्र नसेल तर अविवाहित मुलाची पहिल्या वर्गातली वारस हिंदू वारसा कायद्यानुसार आई असते. बाप दुसऱ्या वर्गात येतो. बँकेत नॉमिनी म्हणून बापाचं नाव असलं तरी नॉमिनी पैसे स्वीकारतो, मालक होत नाही. अविवाहित मुलीचे वारस आई आणि बाप दोघं समान. मुलगा विवाहित असेल तर सून, नातवंडं आणि आई बरोबरीने वारस असतात, आणि त्या वेळी आईने सुनेच्या आधी स्वतःचा वाटा मोजायला बसू नये, एवढी माझी कळकळीची विनंती. नोकरीत असेल तर भविष्यनिधीसोबत विम्याचे जास्तीत जास्त 7 लाख मिळू शकतात, आणि ग्रॅच्युइटीला पाच वर्षांची अट मृत्यूच्या बाबतीत लागत नाही. पासबुकात वर्षातून एकदा 20 किंवा 436 रुपये कापलेले दिसले तर ते पंतप्रधान विमा योजनांचे हप्ते आहेत, प्रत्येकी 2 लाखांचे. त्यातली 20 रुपयांची फक्त अपघातासाठी. रस्ता अपघाताचा दावा सहा महिन्यांच्या आत दाखल केलेला बरा. हे पैसे हातात घेणं बऱ्याच आईबापांना पाप वाटतं. घ्या, वेगळ्या खात्यात ठेवा, वर्षभर त्याला हात लावू नका. ते कशासाठी वापरायचे हे नंतर सुचतं.

नवरा-बायकोंची दिशा वेगवेगळी होते. एक जण देवाकडे वळतो, उपास, पारायण, वारी सुरू करतो, दुसरा देवळाच्या दारातही थांबत नाही. पहिल्याला वाटतं दुसऱ्याने मुलाला सोडून दिलं, दुसऱ्याला वाटतं पहिल्याने त्याच देवाशी समझोता केला. यावर वाद घालून कुणाचंच मत बदलत नाही. टिकणारी घरं एक करतात: महिन्याच्या तिथीला दोघं मिळून एकच गोष्ट करतात. कुणी मासिक श्राद्ध करतं, कुणी नुसतं एकाला जेवू घालतं. ज्याला मंत्र नको असतात तो वाढायला उभा राहतो. अधिक महिना आला की एक मासिक वाढतं. 2026 साली ज्येष्ठ अधिक आहे, त्या वर्षात ज्यांचं वर्ष चाललं असेल त्यांनी हे मोजून ठेवावं.

सणांचं वर्षभर ठरलेलं असतं. घरात कढई चढत नाही, दिवाळीचा फराळ नातलग आणून देतात, दुखवटा काढायला येऊन कपडे देतात, देवळात घेऊन जातात. घरचा नेमाचा गणपती सुतक नसेल तर साधेपणाने बसवता येतो. कोकणातल्या घरांना तो टाळणं जमतही नाही. आरतीच्या वेळी आई आत जाऊन बसली तर तिला हाका मारू नका. ‘किती मुलं तुम्हाला?’ हा प्रश्न लग्नात, रेल्वेत, दवाखान्यात येतच राहतो. उत्तर घरात आधी ठरवून ठेवावं. ‘दोन, एक देवाघरी आहे’ असं म्हटलं तर समोरचा गप्प होतो. ‘एक’ म्हटलं तर रात्री झोप लागत नाही. आम्ही ओळखतो त्या बहुतेक जणींनी शेवटी पहिलं निवडलं.

दुःखाला मुदत नसते हे खरं, पण काही खुणा ओळखाव्यात. सहा महिने उलटूनही अंघोळ, जेवण, झोप रुळावर येत नसेल, मुलाची खोली सोडून आई बाहेरच येत नसेल, किंवा ‘मीही त्याच्याकडे जाते’ असं बोलणं वारंवार येत असेल, तर तो भक्तीचा किंवा मायेचा भाग म्हणून सोडून देऊ नका. मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. टेलि-मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. मूल आत्महत्येने गेलेल्या घरात तर हे पहिल्या महिन्यातच करावं. तिथे आईबाप स्वतःला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करून ठेवतात आणि हरिपाठाने ते एकट्याने सुटत नाही.

वर्षश्राद्ध झालं की लोक समजतात संपलं. घरच्यांना तेव्हाच रितेपण येतं, कारण महिन्याच्या महिन्याला करायचं काम थांबतं. पुढे वर्षातून दोन दिवस राहतात: तिथी आणि पितृपक्ष. अपघाताने गेलेल्यांचं पितृपक्षातलं श्राद्ध घातचतुर्दशीला करतात, तिथी कुठलीही असो. तिसरा दिवस आम्ही त्यात घालतो, वाढदिवस, आणि तो तारखेने. त्या दिवशी त्याच्या मित्रांना बोलवा. ते यायला कचरतात, आपल्याला बघून तुम्हाला त्रास होईल असं त्यांना वाटतं. फोन तुम्हीच करावा लागतो.

आमच्यानंतर त्याचं कोण करणार, हा प्रश्न साठी ओलांडली की बापाला पडतो. पुतण्या किंवा भाचा तयार असेल तर तिथी, गोत्र आणि नाव एका वहीत लिहून त्याच्याकडे द्या, पण त्याच्यावर लादू नका. पुष्कळ देवस्थानांत आणि अन्नछत्रांत कायम ठेव घेऊन दरवर्षी ठरल्या तिथीला अन्नदान करतात. ठेवीची रक्कम वाढली तर पुढे काय करणार हे कार्यालयात आधी विचारून घ्या. पावती करताना देणाऱ्याच्या नावाखाली ‘यांच्या स्मरणार्थ’ अशी एक ओळ असते. कारकून घाईत ती मोकळी सोडतो. तिथे मुलाचं पूर्ण नाव लिहून घ्यावं, आधी स्पेलिंग नीट सांगून, आणि पावती हातात आल्यावर तिथल्या तिथे वाचून बघावी.